रंभा मावशीनं झेललं

ए थांबा, आधी मला बोलू द्या, नाहीतर काय काय सांगायचं ते मी विसरेन. भावनाच्या हळदीचे फोटो बघितलेत ना तुम्ही? त्यात त्या दोघी बायका आहेत बघा, सत्तरीच्या पुढच्या, मांडवात पाटावर बसलेल्या? त्या दोघी सहा वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. सहा वर्षं! आणि त्या तशाच राहिल्या असत्या ना, तर माझ्या बहिणीचं लग्न धवल्याशिवाय लागलं असतं. आणि धवल्याशिवाय लग्न म्हणजे, आई म्हणते तसं, नुसतं जेवण.

हेतल, तुला धवला माहीत नसणार. ऐक. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण येते. म्हणजे बाईच. ती गाते. हळद लावताना, मांडव घालताना, नवरी न्हाताना, प्रत्येक गोष्टीचा वेगळा धवला. कुठे लिहिलेलं नाही काही, सगळं डोक्यात. आणि मांडवाच्या दिवशी ती पितरांना आवतान देते, म्हणजे मेलेल्यांना बोलावते, या बाबांनो लग्नाला. फक्त आपल्या घरातल्या नाही हं, अख्ख्या गावातल्या. घरांच्या ओळीनं! खाडीकडच्या पहिल्या घरापासून सुरू करायचं आणि देवळापर्यंत जायचं. एकेचाळीस घरं.

आता ते गाव नाहीये हे तुम्हाला माहितीये. मी दहावीत होते तेव्हा विमानतळाच्या प्रकल्पात गेलं. खारबांध, मिठागरं, आमचं घर, सगळं. आम्ही सुकापूरला आलो, कुणी खांदा कॉलनीत गेलं, कुणी रोडपालीला, कुणी कामोठ्याला, कुणी पार उलव्याला. पण धवल्यात गाव अजून जसंच्या तसं आहे, कळलं का? बांध कुठे वळतो, कुणाच्या दारात उंबर होता, भरतीचं पाणी कुणाच्या पायरीला लागायचं, सगळं.

तर आमच्या गावची धवलारीण म्हणजे सत्यवती आत्ये. बाबांची चुलत आत्या, पण सगळे आत्येच म्हणतात. रोडपालीला मुलाकडे असते, सहाव्या मजल्यावर. भावनाचं प्रणितशी ठरलं तशी आई मला म्हणाली, जा, आत्येला सांगून ये. मला वाटलं दहा मिनिटांचं काम. पत्रिका दिली, चहा घेतला, म्हटलं, "आत्ये, धवल्याला यायचंय."

तर ती म्हणते, "मी सोरला धवला."

"असं कसं सोडला?"

"एकटीनी होत नाय गो पोरी. एक टाकनारी पायजे, एक झेलनारी पायजे. माजी झेलनारी रुसून बसलीय खांदा कॉलनीन. तिला इचार जा."

म्हणजे असं असतं बघा. एक बाई ओळ गाते, त्याला टाकणं म्हणतात. मागची बाई ती ओळ उचलते, परत गाते, तोवर पुढचीला श्वास घ्यायला मिळतो, पुढची ओळ आठवायला मिळते. ते झेलणं. चाळीस वर्षं आत्येची ओळ रंभा मावशीनं झेलली. मला वाटायचं मागची बाई म्हणजे नुसतं कोरस हो!

मी तशीच स्कूटी काढली आणि खांदा कॉलनीत. दार उघडलं गणू काकांनी, रंभा मावशीचा नवरा. ऐंशीचे आहेत, हाफ पँट, हातात नातवाचा टॅब, त्यात कुस्ती चालू. मावशी आत भाजी निवडत होती. मी सत्यवती आत्येचं नाव काढलं मात्र, हातातली जुडी टाकली तिनं.

"तिचा नाव माजे घरान घेव नको. तिनी माजे नवऱ्याला मेलेल्यांन बोलवला!"

"म्हणजे?"

"माजे पुतन्याच्या लगनान. पितरांचं आवतान चाललेला. म्होरं म्होरं येत चौदाव्या घराशी आली, न बोलली, या हो या गणू बाबा. न यो समोर बसलेला! याचे हातान वरा होता!"

वरा म्हणजे वडा. मला हसू आलं, खरंच सांगते, मी दाबलं कसंबसं. पण गणू काका स्वतःच हसायला लागले.

"मी लगेच हात वर केला," म्हणाले. "बोललो, वैनी, माजा आजून टाईम हाय."

"तुमी गप बसा. तुमाला काय. माजे छातीन धस्स झाला. चाळीस वर्सा तिचे मागं बसलो, न तिला माजा नवरा जिता हाय का मेला ह्ये म्हायती नाय?"

मावशी तिथल्या तिथे उठली होती मांडवातून. धवला अर्धा राहिला. डीजेवाल्यानं गाणं लावलं आणि लोकांना वाटलं झालं बहुतेक. त्या दिवसापासून दोघींचं बंद. मी विचारलं, आत्येनं फोन केला नाही का नंतर? तर काका टॅबमधून मान वर न काढता म्हणतात, "केलता. हिनी ब्लॉक केलाय तिला. नातवाला सांगून."

मी परत रोडपालीला. हो, त्याच दिवशी! आई फोनवर फोन करतेय कुठे मेलीस म्हणून. मी आत्येला सरळच विचारलं, आत्ये, तुम्ही गणू काकांचं नाव कसं घेतलंत?

तिच्या गॅलरीतून खाली रस्ता दिसतो, ट्रक उभे असतात, ते ती बघत बसली. मग म्हणाली, "गावान कोन गेला त सांजचे आत समजं. रडना आयकू ये. नाय आयकू आला तरी चूल नाय पेटली ते दिसं. आथा? कोन कामोठ्याला, कोन उलव्याला. लिफ्टनी वर नेतान, लिफ्टनी खाली आनतान. गणूला हास्पिटलान नेला ते मना समजलं. मशीन लावलीय, काय खरा नाय, असा सांगितला. मंग म्हयना झाला, कोनी काय बोलला नाय. बरा होऊन घरी आनला ते मना कोनी सांगितलाच नाय गो. लगनाचे घरान रंभाला इचारू कसा, न डोले मिटून गाताना तो समोर दिसलाच नाय."

मी म्हटलं, "मग हे मावशीला सांगायचं ना!"

"काय सांगू? मना म्हायती नाय कोन हाय न कोन नाय, असा सांगू? धवलारनीला तेच म्हायती नसल त तिनी तोंड उघराचा नाय. म्हनून सोरला."

म्हणजे बघा, रागावून नव्हता सोडला. घाबरून सोडला होता. परत एखाद्या जिवंत माणसाला बोलावलं तर, या भीतीनं. मला इतकं वाईट वाटलं. गाव गेलं तेव्हा आम्ही मुलं खूश होतो, लिफ्ट, बाथरूममध्ये गरम पाणी, शाळा जवळ. आणि ही बाई तेव्हापासून डोक्यातल्या डोक्यात गावातून चालतेय, एकेका दारात थांबतेय, आणि आत कोण आहे ते तिला कळत नाहीये.

आणि मग मी, तुम्हाला माहितीये मी कशी आहे, बोलून बसले. म्हटलं, "आत्ये, मी शोधून काढते. एकेचाळीसच्या एकेचाळीस घरं. कोण आहे, कोण नाही, लिस्ट करून तुम्हाला वाचून दाखवते. मग गाल?"

ती म्हणाली, "न झेलनारी?"

म्हणून तिसऱ्यांदा स्कूटी! दुसऱ्या दिवशी, जाऊ दे. मावशीला सगळं सांगितलं, लिफ्ट, हॉस्पिटल, सगळं. मावशी ऐकत राहिली. मग विचारलं, "ह्ये तिनी तिचे तोंडानी सांगितला?"

"हो मावशी, शप्पथ."

"येन मंग. भावनाचे आईनी माजे पोरीच्या लगनान राबराब राबलाय, म्हनून येन. झेलीन. पन तिच्याशी बोलनार नाय."

काका म्हणाले, "झेलाचा पन बोलाचा नाय, ह्या कसा काय?"

"तुमाला काय कराचा?"

ठरलं. आता लिस्ट. घरांची ओळ आत्येनं सांगितली, मी नंबर घालून लिहून घेतली. तीन आठवडे मी ऑफिस सुटलं की हेच करत होते. आणि कुणाच्या दारात जाऊन विचारणार कसं, तुमचे आजोबा आहेत का गेले? म्हणून मी युक्ती केली, पत्रिका घेऊन जायचं आणि विचारायचं, घरात कोण कोण आहे, पाकिटावर कुणाकुणाचं नाव घालू? बरोब्बर बाहेर यायचं सगळं. आणि काय काय ऐकलं मी! सातव्या घरच्या आजी म्हणाल्या, तुज्या आज्यानी मिठागरान माज्या सासऱ्याबरोबर फळी ओढली. मला माहीतच नव्हतं आजोबा मिठागरात होते. बाबा कधी बोललेच नाहीत. एका काकांनी मला बांध फुटला त्या रात्रीचं सांगितलं, अख्खं गाव चिखलात उभं राहून माती टाकत होतं आणि बायका गात होत्या म्हणून झोप नाही आली कुणाला. गात! म्हणजे तेव्हाही एक टाकत होती आणि बाकीच्या झेलत होत्या.

पण एक चूक केली मी. तिसरं घर, कमलाकर बाबा, राहायला कामोठ्याला. दार उघडलं त्यांच्या सुनेनं, कानाला फोन, मीटिंग चालू होती तिची, तिनं खुणेनंच पत्रिका घेतली. आणि मागे भिंतीवर कमलाकर बाबांचा मोठ्ठा फोटो, फ्रेम केलेला, त्याला चंदनाचा हार. आता तुम्हीच सांगा, हार घातलेला फोटो म्हणजे काय? विचारायची लाज वाटली मला. मी हात जोडले फोटोला, खाली आले, आणि लिफ्टमध्येच लिस्टवर खूण केली. गेले.

आत्येनं लिस्ट चार वेळा वाचून घेतली माझ्याकडून. डोळे मिटून. वाचता येत नाही तिला, पण चौथ्या वेळी मीच चुकले तर तिनं मला अडवलं.

मांडवाचा दिवस. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग, वर कापड, उंबराची फांदी रोवलेली, तांदळाच्या पिठाचा चौक आईनं स्वतः घातलेला, दोनशे खुर्च्या. सकाळचे दहा वाजलेले, केटरिंगवाल्याची कटकट चालू. आत्ये पाटावर बसली, समोर तांदळाचं ताट. रंभा मावशी आली, नवी हिरवी साडी, नाकात नथ, आणि आत्येच्या मागच्या पाटावर जाऊन बसली पण तोंड दुसरीकडे. माझी आई देवाचं नाव घेतेय नुसती. आणि आत्येनं सुरू केलं:

"भराती लागली, वाट झाली वली,
या हो पितर माजे, मांडवाचे तली."

आणि मावशीनं झेललं. तोंड दुसरीकडेच, पण काय झेललं! एक क्षण उशीर नाही. सहा वर्षं मधे गेलीच नाहीत असं. माझ्या अंगावर काटा आला, आत्ता सांगतानाही येतोय, हा बघा. पहिलं घर झालं. खाडी आली, बांध आला, बांधावरचं वळण आलं. दुसरं घर झालं. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. आत्येचा आवाज मोकळा होत चालला होता, ती खरंच चालत होती हो गावातून.

आणि तिसरं घर.

"तिसरे घरशी या हो, कमलाकर बाबा..."

दुसऱ्या रांगेत, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, कमलाकर बाबा. मोबाईल धरून शूटिंग करत होते.

मोबाईल हळूहळू खाली आला.

नुसते पंखे ऐकू येत होते. आत्येनं त्यांना बघितलं. मग मला बघितलं. तिचा हात तांदळाच्या ताटातून मागे आला आणि ती उठायला लागली. एक हात जमिनीवर टेकवला तिनं. मला कळलं की ही आता उठली ना, की परत कधीच बसणार नाही.

तेवढ्यात मागून रंभा मावशी:

"कमलाकर बाबा मांडवान, पाट तो मांडीतो,
पितरांना आमचे, पानी तो वारीतो."

असं! तीच चाल, तोच ठेका! आत्येनं टाकलेलं नाव तिनं तसंच परत नाही म्हटलं, हवेतल्या हवेत वळवलं. मेलेल्यांमधून काढलं आणि यजमान करून बसवलं! म्हणजे कमलाकर बाबांना पितर म्हणून नाही, पितरांना पाणी वाढायला बोलावलंय. एक सेकंद कुणाला काही कळलंच नाही, आणि मग गणू काकांनी टाळी वाजवली, आणि अख्खा मांडव हसायला लागला, रडायला लागला, दोन्ही एकदम. आणि कमलाकर बाबा उठले, खरंच उठले, मोबाईल खिशात टाकला, कोपऱ्यातला पाट आणला आणि मांडला चौकाशेजारी. पाण्याचा तांब्या ठेवला. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस!

आत्ये परत खाली बसली.

मग तर मजाच झाली. तिसऱ्या घरचे गेलेले झाले आणि आत्ये चौथ्याकडे वळणार, तर मागून एक काकू ओरडते, "ओ, आमचे घरचे जिते पन घ्या! माजा नवरा उरनला ड्युटीला हाय!" आत्येनं मागे वळून मावशीकडे बघितलं. मावशीनं तोंड दुसरीकडेच ठेवलं, पण मान हलवली. मग असंच सुरू झालं. आत्ये गेलेल्यांना बोलवायची आणि मावशी त्या घरच्या जिवंत माणसांना कामाला लावायची. कुणी पाट मांडतोय, कुणी दिवा लावतोय, कुणी उरणला ड्युटीवर आहे पण वाटेकडे बघतोय. आणि ज्याचं नाव येईल तो उभा राहायचा. आणि शेजारच्या घरचा उभा राहिला की पहिला त्याच्याकडे बघून हात करायचा, अरे तू! आठ वर्षांत भेटले नव्हते काही जण. दहाव्या-बाराव्या घरानंतर लोक खुर्च्याच उचलून सरकायला लागले, आपल्या शेजाऱ्याशेजारी. सगळे नाही हं. काही जण जेवायला पळाले, आणि केटरिंगवाला मला विचारत होता अजून किती घरं बाकी आहेत. पण आमच्या पार्किंगमध्ये, बाईक आणि मीटरच्या पेट्यांमध्ये, खाडीपासून देवळापर्यंत अर्धं गाव ओळीत बसलं होतं. बाबा कुणाच्या शेजारी जाऊन बसले माहितीये? सातव्या घरच्या आजींच्या. आपण आठवं घर हे लिस्टमध्ये मीच लिहिलं होतं, पण खरं कळलं ते तेव्हा.

संपलं तेव्हा मी धावत गेले. म्हटलं, "आत्ये, चूक माझी. हार होता फोटोला, मी विचारलं नाही."

कमलाकर बाबा मागेच उभे होते. म्हणाले, "तो हार मना मंडलानी घातला पंच्याहत्तरीला. चंदनाचा हाय. फेकू कसा? फोटोला लावला."

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, आजून एकदा, आथा त मी यजमान हाय.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे सगळं सांगतेय. आत्ये पाटावरच बसलेली, पाय आखडलेले तिचे. रंभा मावशी मागून उठली, पुढे आली, तिच्यासमोर बसली. मला वाटलं आता भांडण. मावशी म्हणाली, "सत्ये."

सहा वर्षांनी पहिला शब्द.

"मी सहा वर्सा बोलतंय, तू चुकलीस. तू नाय चुकलीस गो. तू टाकलास, मी झेललाच नाय. आज ज्या केला ते तवा करता आला असता. माजाच मानूस होता. मना येत होता. मी उठून गेलो."

आत्ये म्हणाली, "तुजा नवरा होता. मी असती त मी पन उठली असती."

"मंग तुज्या मागं कोन बसला असता?"

मावशीच्या पदराला तांदळाचं पीठ लागलं होतं, ते आत्ये झटकत बसली. कितीतरी वेळ. पीठ केव्हाच गेलं होतं.

गणू काका ताट घेऊन आले, म्हणाले, "वैनी, माजा नंबर आला की आसाच गोड आवाजान बोलव हां."

"तुमी गप बसा," दोघी एकदम म्हणाल्या.

मी रंभा मावशीला म्हटलं, मावशी, थँक्यू. मूर्खासारखं नुसतं थँक्यू. कारण तिनं आत्येला वाचवलं, आणि भावनाचं लग्न वाचवलं, आणि मलाही वाचवलं ना, आत्ये उठून गेली असती तर मी आयुष्यभर ते तिसरं घर घेऊन फिरले असते. आणि आत्येला थँक्यू, की तिनं इतकी वर्षं सगळं गाव डोक्यात सांभाळलं, आमच्यापैकी कुणी मागितलं नव्हतं तरी. माझ्या घराचा नंबर मला तिच्यामुळे कळला.

मावशी म्हणाली, "थँक्यू काय करतेस? आवाज कसा हाय तुजा?"

म्हटलं, "बेडकासारखा."

"चालल. बेडूक खारीन लय लांबवर आयकू येतो."

तर येत्या रविवारी उलव्याला लग्न आहे, आमच्याच गावातल्या एकाचं. आत्ये पुढे, मावशी मागे, आणि मावशीच्या मागे मी. मला झेलायला दोनच घरं दिलीत, एकोणीस आणि वीस. बाकीची पाठ झाली की बघू म्हणाल्या.